मम्मी ‘जा’ म्हणाली, मग अडलंय कुठे?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २६ वर्षांची, मुंबईत वाढलेली, लोअर परळला नोकरी करणारी. घर मूळचं नगरकडचं, तीन पिढ्या ख्रिस्ती, भायखळ्याच्या बाजूच्या एका मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जाणारं. यंदा मंडळीच्या तरुण संघातले १६ जण २० ते २९ डिसेंबर गुजरातच्या डांग जिल्ह्यात मिशन ट्रिपला निघालेत. गावोगाव नाताळची गाणी, मुलांचे कार्यक्रम, ब्लँकेटवाटप असा बेत आहे. तिने नाव दिलंय, पैसेही भरलेत. मोठ्या भावाचं नुकतंच लग्न झालं आणि त्याचा हा नाताळ पुण्याला सासरी आहे. म्हणजे घरी राहणार मम्मी, पप्पा आणि ८३ वर्षांची आजी. विचारल्यावर मम्मी ‘जा’ एवढंच म्हणाली. पप्पांनी १९९८ सालचा विषय काढला आणि पेपर उघडून बसले. संघाच्या दादांनी शास्त्रातलं वचन ऐकवलं: नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यास योग्य नाही. पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, ‘२५ला नगरहून आत्या जेवायला येणार, तोच विषय निघणार, ते जाऊ दे.’ आणि मग प्रश्न: ‘देवाचं काम मोठं की घर? गेले तर मी स्वार्थी का? आणि नाही गेले तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल का?’

प्रिय मैत्रिणी,

वयाच्या हिशेबाने तुला एकेरीच लिहिते, राग मानू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ते देव आणि घर यांच्याबद्दल आहे असं वाटलं. दुसऱ्या वेळी ‘ते जाऊ दे’पाशी अडखळले. दोन पानांच्या पत्रात तू एवढी एकच गोष्ट जाऊ दिली आहेस, बाकी सगळं धरून ठेवलं आहेस. त्याकडे येतेच. पण आधी माझं थोडं ऐक, कारण या प्रश्नाची एक बाजू मी आतून पाहिलेली आहे आणि ती तुझ्या पत्रात कुठेच नाही.

माझे वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू होते. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका खेड्यात आम्ही राहायचो. घराला लोक ‘बंगला’ म्हणायचे. दोन खोल्या, एक पडवी, मागे हापसा. मी नऊ वर्षांची असताना एका नाताळाला मुंबईहून तरुणांची एक तुकडी आली. १८ जण होते. गिटार होती, ढोलकी होती, मुलांसाठी रंगीत खडूंचे डबे होते. आम्हा पोरांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांनी गायलेलं एक गाणं मला आजही चालीसकट येतं.

माझ्या आईला काय आठवायचं, ते मात्र मोठी झाल्यावर कळलं. १८ माणसं, तीन दिवस, दोन वेळा भाकरी. पहाटे चारला ती आणि महिला मंडळातल्या दोघीजणी चुलीशी बसायच्या. पिठाचा डबा दुसऱ्या दिवशी संपला म्हणून शेजारून उसनं आणलं. हापशाचं पाणी १८ जणांच्या आंघोळीला पुरेना म्हणून बादल्या पार ओढ्यापासून आल्या. वडील २५ तारखेला तीन गावांच्या उपासना उरकून चारच्या पुढे घरी पोहोचायचे, त्या दिवशी सहा वाजले, कारण पाहुण्यांना गावं दाखवायची होती. नाताळासाठी घेतलेली आईची साडी पेटीतच राहिली. तिने ती संक्रांतीला नेसली. आमच्याकडे तिळगूळ सगळेच खातात.

पाहुणे वाईट होते असं मुळीच नाही. भली पोरं होती. पण आपण ज्यांच्याकडे आलोय त्यांच्याही घरी आज नाताळ आहे, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. एक मुलगी सोडून. परळची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठून चुलीपाशी आली, म्हणाली, भाकरी येत नाही, पण पीठ मळते. आईने तिला परात दिली. आई त्यानंतर २० वर्षं ‘ती परळची मुलगी’ अशीच तिची आठवण काढायची. गाणारे १७ जण तिला एकत्र आठवायचे, ही एकटी.

म्हणून माझा पहिला प्रश्न घर की देव हा नाही. डांगमधल्या ज्या मंडळीकडे तुम्ही जाताय, त्यांनी तुम्हाला नाताळातच बोलावलंय का? की सुट्ट्या मुंबईच्या आणि म्हणून तारखा मुंबईच्या? खेड्यातल्या पाळकाला वर्षभरात सगळ्यात जास्त धावपळ असते ती याच आठवड्यात. दादांकडून तिथल्या पाळकांचा नंबर घे आणि पाळकीणबाईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी बोल. पाळकांशी नव्हे, बाईंशी. पाळक ‘या या, स्वागत आहे’ म्हणणारच, माझेही वडील म्हणायचे. बाईंना विचार: आम्ही १६ जण आलो तर स्वयंपाक कोण करतं, किराणा कोण भरतं, आम्ही काय घेऊन येऊ, आणि खरं सांगा, २५च्या आधी येऊ की नंतर? डांगी बोली मराठीला इतकी जवळची आहे की बोलणं अडायचं नाही. तिकडून ‘नाताळातच या, पोरं वाट बघतात’ असं आलं, तर तुझ्या जाण्याला जे बळ मिळेल ते कुठल्याही वचनाने मिळणार नाही. आणि ‘जानेवारीत आलात तर बरं’ असं आलं, तर तेही बोलावणंच आहे. तारीख तेवढी वेगळी.

आता दादांच्या नांगराकडे वळू. वचन खरं आहे, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. पण नांगर शास्त्रात त्याआधीही येतो, जुन्या करारातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात. अलीशा बैलांच्या बारा जोड्यांसह शेत नांगरत होता. एलीया संदेष्टा आला आणि आपल्यामागे ये, अशी खूण म्हणून आपला झगा त्याच्या अंगावर टाकून पुढे चालू लागला. अलीशा मागे धावला, म्हणाला, आईबापांचा मुका घेऊन येतो, मग तुमच्यामागे येतो. एलीयाने त्याला जाऊ दिलं. अलीशा परत गेला, बैलजोडी कापली, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला. दादा सांगतात ते वचन वाचताना मला ही गोष्ट नेहमी शेजारी ठेवावीशी वाटते. माणूस निघाला तो कायमचा, पण निरोप घेऊन आणि सगळ्यांना जेवायला घालून निघाला. तुझी ट्रिप तर दहा दिवसांची आहे.

आणि मार्कचा सातवा अध्याय उघडशील तेव्हा ‘कुर्बान’ हा शब्द पाहा. आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलंय’ म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलं आहे. तू त्यातली आहेस असं मी म्हणत नाही. पण देवाचं नाव मध्ये आलं की घरातली भांडणं बंद पडतात, हे तुलाही माहीत आहे. ‘मला प्रभूने बोलावलंय’ म्हटल्यावर मम्मीने काय बोलायचं? ‘प्रभूला सांग, करंज्या कोण तळणार’ असं तर कुठलीच ख्रिस्ती आई म्हणायची नाही. ती ‘जा’ म्हणते.

मराठी घरातल्या आईच्या ‘जा’चे प्रकार असतात, हे काही मी तुला सांगायला नको. एक ‘जा’ खरंच जा असतं, त्याच्यामागून लगेच ‘स्वेटर घेतलास का’ येतं. दुसऱ्याच्यामागून भांड्यांचा आवाज येतो. तिसरं ‘जा’ बाप समोर असताना दिलेलं असतं आणि रात्री अंथरूण घालताना बदलतं. तुझ्या मम्मीचं कुठलं, हे मला इथून कळत नाही. मला वाटतं तुलाही नीट कळलेलं नाही, नाहीतर मला पत्र लिहिलं नसतंस. तिला पुन्हा ‘जाऊ का?’ विचारू नकोस, उत्तर तेच येईल. वेगळं विचार: ‘मी नसले तर २४-२५ला तुझ्यावर काय काय पडेल?’

एवढं विचारून गप्प बस. तुझ्या पत्रावरून मला जे दिसतं ते सांगते. २४च्या मध्यरात्रीच्या उपासनेला आजीला कोण नेणार? आजवर एका बाजूने भाऊ आणि एका बाजूने तू असे धरून नेत असाल. पप्पा टॅक्सी करतील, पण पायऱ्यांवर आजीला धरायला दोन माणसं लागतात, आणि मम्मीच्या हातात आजीची पिशवी, शाल, गीतपुस्तक. कदाचित मम्मीने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं असेल की यंदा आपण आजीजवळ घरीच बसू. मंडळीत कुणी विचारलं तर ‘सर्दी झालीय’ म्हणेल. हे सगळं त्या एका अक्षरात असू शकतं, आणि त्याचा देवाशी काही संबंध नाही. ते सोडवताही येतं. शेजारचा पोरगा, मंडळीतलं एखादं जोडपं, मामेभाऊ, कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवायचं. नाहीतर २५च्या सकाळची उपासना धरायची. पण ते तू विचारलंस तरच कळेल.

पप्पांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, तूही नेऊ नकोस. १९९८च्या नाताळात आणि पुढच्या काही दिवसांत डांगमध्ये चर्च आणि प्रार्थनाघरं जाळली, मोडली गेली. जानेवारी १९९९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी स्वतः आहव्याला, म्हणजे डांगच्या मुख्य गावी जाऊन आले. त्याच महिन्यात ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं. त्या हिवाळ्यात आपल्या लोकांनी पेपर कसे वाचले, हे पप्पांच्या वयाच्या माणसाला विसरता येत नाही. तू तेव्हा जन्मलीही नसशील. पप्पा पेपर उघडून बसले त्याला तू ‘विषय टाळला’ म्हटलं आहेस. मला ते विषय टाळणं वाटत नाही.

तेव्हा त्यांना धीर नको देऊस, माहिती दे. कोण बरोबर आहे, राहायचं कुठे, मुलींची सोय कुठे, रात्री फिरायचं आहे का, फोनला रेंज कुठवर, जवळचा दवाखाना कुठे, जायचं-यायचं कसं. बिलिमोऱ्यापर्यंत रेल्वे आणि पुढे वघईवरून आहवा, की नाशिक-सापुताऱ्याकडून गाडी? हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला लाव. रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन. आणि दादांना, म्हणजे ट्रिप नेणाऱ्यांना, कायद्याचं स्पष्ट विचार. घटनेच्या कलम २५ ने आपल्याला धर्म पाळायचा, सांगायचा, त्याचा प्रचार करायचा हक्क दिला आहे. पण प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटलं आहे. गुजरातमध्ये २००३चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि त्यातली ‘प्रलोभना’ची व्याख्या बरीच रुंद आहे. वस्तू किंवा भेट देणं तिच्यात येऊ शकतं, चांगल्या राहणीमानाचं किंवा दैवी आशीर्वादाचं आमिषसुद्धा. आता तुमचा बेत बघ: एका हातात गाणी आणि सुवार्ता, दुसऱ्या हातात ब्लँकेट. तुमच्या मनात काळंबेरं नसलं तरी एकाच मांडवात एकाच वेळी या दोन गोष्टी झाल्या तर बाहेरून त्या कशा दिसतील? आणि तुम्ही २९ला परत येणार. चौकशी झालीच तर ती तिथे राहणाऱ्या पाळकाची होणार. म्हणून ब्लँकेटं द्यायची तर स्थानिक मंडळीच्या हातात सोपवा, कुणाला, कधी, कसं द्यायचं ते त्यांना ठरवू दे, उपासनेला आलं का नाही हे न बघता. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. हे मी सगळ्याच धर्मांच्या सगळ्याच संस्थांना सांगते, कुणी ऐकत नाही ते सोड.

दादा या प्रश्नांवर नीट उत्तरं देत असतील, तर तुकडी चांगल्या हातात आहे. ‘विश्वास ठेव, प्रभू बघून घेईल’ एवढंच येत असेल, तर मी पप्पांच्या बाजूची.

आता ‘ते जाऊ दे’.

२५ला आत्या नगरहून येणार आणि ‘तोच विषय’ काढणार. तू लिहिलं नाहीस, पण २६ वर्षांच्या मुलीच्या घरी नाताळाच्या जेवणाला आत्या कुठला विषय काढते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही (आपल्यात ज्योतिषी चालतही नाही). भावाचं उरकलं, आता तुझा नंबर. कदाचित पर्समध्ये एखाद्या मुलाचा फोटोही असेल. पुलावाचं ताट हातात, तोंडात केक, आणि समोरून ‘तुझं काय ठरलं गं?’ यातून दहा दिवस सुटका मिळत असेल तर मी तरी डांगच काय, अंदमानलाही गेले असते.

यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस एकाच वेळी दोन कारणांनी निघू शकतो. तुला तिथल्या मुलांना गाणी शिकवायची आहेत हे खरं, आणि आत्याला चुकवायचं आहे हेही खरं. गडबड कुठे होते? दुसरं कारण पहिल्याच्या पदराआड लपलं की. मग मम्मीला वाटतं, पोरीला घरापेक्षा मंडळी प्यारी. पप्पांना वाटतं, दादांच्या नादी लागली. आणि तुला स्वतःला रात्री झोप लागत नाही, कारण कुठेतरी तुला माहीत असतं की सगळा हिशेब देवाच्या खात्यावर टाकलाय. तू ‘मी स्वार्थी का?’ असं विचारलं आहेस. हा प्रश्न माझ्या मते इथून आला आहे, डांगवरून नाही.

स्वतःला एक विचारून बघ. आत्याचा फोन आला, गुडघे दुखतात, यंदा येत नाही. तर तुला २० तारखेला तितकंच निघावंसं वाटेल का? जे पहिलं उत्तर येईल ते कुणाला सांगू नकोस, मलाही नको.

उत्तर काहीही येवो, लग्नाचं बोलणं ट्रिपपासून सोडवून घे. नोव्हेंबरातच, एखाद्या रविवारी दुपारी मम्मीला सांग: ‘मला सगळ्यांसमोर, जेवताना हा विषय नको. आत्याला तू सांगणार की मी सांगू?’ बहुतेक ती म्हणेल मी बघते. नाही म्हणाली तर आत्याला तूच फोन कर. आत्याबाईंचं एक असतं, त्यांना आधी विश्वासात घेतलं की त्या आपल्या बाजूने दहा जणांशी भांडतात. ‘आत्या, वर्षभर तरी मला स्थळं नकोत, आणि तुला सांगते म्हणून सांगते’ एवढं म्हणून तर बघ.

‘नाताळ म्हणजे घरीच’ हे गृहीतकही जरा हलवून पाहावंसं वाटतं. आपल्या मराठी मंडळ्यांपैकी बऱ्याच ज्यांच्या कामातून उभ्या राहिल्या, ते अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातले. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. तर या लोकांच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट मुलखात नाताळ फारसा पाळतच नसत. तिथल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ तो साजरा करायला बंदी होती, दंड होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. म्हणजे विश्वास अमेरिकनांकडून आला, ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि ताटात करंज्या, चकल्या, शेव आपल्या दिवाळीच्या. ‘आपला पारंपरिक नाताळ’ हा असा तीन घरचा पाहुणा आहे. त्याला एका तारखेला आणि एका टेबलाला खिळून ठेवायची गरज नाही.

हॉलचं पुढचं मात्र विसरू नये. त्याची बायको दोन मुलांना घेऊन १८२५ मध्ये अमेरिकेला निघाली, तो इथेच राहिला, आणि १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. मिशनच्या कामाला निघालेल्यांच्या घरच्यांनी काय भोगलं, याचं आपण गाणं करतो, हिशेब करत नाही. माझ्या आईच्या साडीचाही कुणी केला नाही.

तुम्ही २९ला परत येताय, हे माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. ३१च्या रात्रीची उपासना घरच्यांबरोबर होऊ शकते. वर्ष सरताना आजीच्या शेजारी गुडघे टेकता येतील. भाऊ-वहिनीही तोवर पुण्याहून परततील. १ जानेवारीला सगळ्यांचं जेवण ठेव, आणि त्या दिवशी स्वयंपाक तुझ्याकडे. मम्मीला मदत करायची असं नव्हे, तुझ्याकडे. दहा दिवस फिरून आल्यावर अंग मोडून येईल, तरी.

मधला मार्गही आहे: २५ घरी, २६ला निघून तुकडीला गाठायचं. दादा नाही म्हणतील, सगळ्यांनी एकत्र निघायचं म्हणतील. त्यांना विचारायला काय जातं? डांगच्या पाळकीणबाई ‘२५ नंतर या’ म्हणाल्या तर सगळी तुकडीच हा मार्ग धरू शकते, आणि १६ घरांत शांतता होईल. तिकिटांचं मात्र बघा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, आणि नाताळाच्या आठवड्यात पश्चिम रेल्वेच्या गाड्यांना काय गर्दी असते ते तुला माहीत आहे.

ज्या वाचकांच्या घरी नाताळ नाही, त्यांनी इथे गौरी-गणपती वाचावं. लालबागच्या खोलीत राहून पहिल्यांदाच कोकणात न गेलेला मुलगा, दिवाळीत रात्रपाळी आलेली नर्स, जहाजावरचा जावई. त्यांना आणि तुला सांगायचं एकच: न येण्याचं कारण एक वाक्यात, खरं, आणि वेळेवर सांगा. घरच्यांना आपलं नसणं जितकं लागतं त्याहून ते आयत्या वेळी, तिसऱ्याकडून कळणं लागतं. पाळकाची मुलगी म्हणून सांगते, वडील सहाला आले याचा आईला राग नव्हता. ‘चारला येतो’ म्हणून सहाला आले, याचा होता.

माझा कल विचारशील तर असा: एक फोन डांगला, एक बोलणं मम्मीशी, एक आत्याशी, एक कागद पप्पांसाठी. ही चारही कामं झाल्यावर जायची इच्छा टिकली तर जा, आणि तिथे गेल्यावर दर तासाला घरी फोन करून हुरहुरत बसू नकोस. इच्छा नाही टिकली तर पैसे गेले समज आणि घरी राहा. देवाला नाही म्हटलं असं काही होत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास परराज्यांतून आलेली पेशंटची माणसं पदपथावर झोपलेली तुझ्या ऑफिसपासून किती लांब आहेत, हे तुझं तुला ठाऊक आहे. पण तेही अपराध धुवायला म्हणून करू नकोस. करावंसं वाटलं तर कर.

गेलीस, तर एक काम सांगते. करंज्या मम्मी २२-२३ला करत असेल, यंदा १८ला करायला सांग, आणि ऑफिसातून लवकर ये. लाटणं तिच्याकडे, सारण भरून कातणं तुझ्याकडे, आजीला समोर खुर्ची. तासभर तिघी बसाल तेव्हा त्या ‘जा’चा काय तो उलगडा होईल, मुद्दाम विचारावंही लागणार नाही. त्यातल्या पंचवीसेक करंज्या स्टीलच्या डब्यात भरून डांगला ने. मुलांना वाटायला नको, तिथल्या पाळकीणबाईंना दे, मम्मीने पाठवल्यात म्हणून. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नकोस, मऊ पडतात. आणि डबा परत आणायचाय हे लक्षात ठेव. त्याच्यावर नाव कोरलेलं असणार, आणि मम्मीला कुठला डबा कुणाकडे आहे हे पाठ असतं.